सगळं कळलेलं बरं की काहीच नको? एकेका गोष्टीचं कसं ठरवायचं

"सगळं माहीत असलेलं बरं की काहीच माहीत नसलेलं बरं" हा प्रश्न असा मोघम विचारला की त्याला उत्तरच नाहीये, लोक तासन्‌तास वाद घालतात, एक म्हणतो अज्ञानात सुख, दुसरा म्हणतो माहिती ही ताकद, दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि हाती कोणाच्याच काही लागत नाही. कारण ही दोन्ही टोकं कोणाला मिळतच नाहीत. लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ मधे लिहिलं होतं की एखाद्या बुद्धीला एका क्षणी विश्वातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावर काम करणारी सगळी बलं माहीत असती तर तिला मागचं पुढचं सगळं स्पष्ट दिसलं असतं. १९२७ मधे हायझेनबर्ग ह्या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की एका कणाची जागा आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) हे दोन्ही एकाच वेळी हवे तितके अचूक कळूच शकत नाहीत. म्हणजे "सगळं" बाद. आणि "काहीच नाही" पण बाद, कारण ज्या क्षणी तुम्हाला समजलं की कुठेतरी एक रिपोर्ट आहे, कोणीतरी तुमच्याबद्दल काहीतरी बोललंय, त्या क्षणी तुमचं कोरं अज्ञान संपलं, काहीतरी आहे एवढं तर तुम्हाला कळलंच. मग उरतं ते एवढंच की ही एक गोष्ट, आत्ता, मला जाणून घ्यायची का. आणि हे ठरवायला पद्धत आहे, तीच इथे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. जे माहीत नाही ते बहुतेक वेळा उद्या, परवा, पुढच्या वर्षीही जाणून घेता येतं, पण एकदा कळलं की ते डोक्यातून काढता येत नाही. दोन्ही बाजूंची किंमत सारखी नाहीये. त्यामुळे मुदत नसेल तिथे घाई करायची नाही, आणि मुदत असेल तिथे टाळाटाळ करायची नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात असं मला दिसतं, जे उगाच आहे ते रात्री दोन वाजता मोबाईलवर खोदत बसतात आणि जे वेळेत बघायला हवं त्याचं पाकीट कपाटावर पडून राहतं.

प्रश्न कागदावर उतरवा

मोबाईलच्या नोट्समधे लिहिला तरी चालेल पण लिहा. "मला माझ्या तब्येतीचं सगळं कळायला हवं" ही नुसती घालमेल झाली, ह्यात विचारण्यासारखं काही नाही. एका ओळीत, ज्याचं उत्तर कोणीतरी देऊ शकेल असा प्रश्न करा: माझं ब्लडप्रेशर किती आहे, माझी नोकरी पुढच्या सहा महिन्यांत जाणार आहे का, आईने ते घर का सोडलं होतं. बऱ्याचदा लिहिताना लक्षात येतं की एका प्रश्नात चार प्रश्न आहेत आणि त्यातले दोन हवेत, दोन नकोत. आणि हे चालतं! जेम्स वॉटसन, डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, त्यांचा पूर्ण जीनोम, म्हणजे शरीरातल्या डीएनएचा सगळा मजकूर, २००७ मधे वाचला गेला आणि स्वतःचं नाव लावून जगासमोर ठेवला गेला, पण एक जीन त्यांनी वगळायला सांगितला, एपीओई, ज्यावरून अल्झायमरची रिस्क जास्त आहे का ते समजतं. घरात आजीला तो आजार झाला होता. साधारण तीन अब्ज अक्षरं उघडी आणि एक जागा झाकलेली. त्या माणसाची बरीच मतं मला अजिबात पटत नाहीत पण हा निर्णय मला फार समंजस वाटतो, त्यांनी "सगळं की काहीच नाही" ह्या सापळ्यात पायच टाकला नाही.

उत्तर आलं तर मी काय करणार?

प्रश्नाखाली दोन रकाने करा. एकात "उत्तर चांगलं आलं तर उद्या सकाळी मी काय करेन", दुसऱ्यात "वाईट आलं तर उद्या सकाळी मी काय करेन". काय वाटेल ते लिहू नका, काय कराल तेच लिहा. फोन कोणाला, पैसे कुठून, कुठली गोष्ट बंद, कुठली सुरू.

दोन्ही रकाने वेगळे भरले तर जाणून घ्या, विषय संपला. ब्लडप्रेशर हे ह्याचं सगळ्यात साधं उदाहरण, वाढलेलं असलं तरी बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, मोजायला पाच मिनिटं लागतात, आणि वाढलेलं निघालं तर करण्यासारखं खूप आहे. एचआयव्हीचंही तसंच, टेस्ट करायला माणूस घाबरतो हे मला समजतं, पण आज औषधं नियमित घेऊन व्हायरसचं प्रमाण मोजता येणार नाही इतकं खाली राहिलं तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, म्हणजे कळण्यातून स्वतःचं आयुष्य वाढतं आणि जोडीदारही सुरक्षित राहतो. इथे "नकोच ते कळायला" म्हणणं म्हणजे स्वतःचं आणि दुसऱ्याचंही नुकसान करणं.

दोन्ही रकान्यांत तेच लिहिलं गेलं, किंवा वाईटाच्या रकान्यात फक्त "काळजी करेन" एवढंच सुचलं, तर मात्र थांबा. ती माहिती तुमच्या हातात काही देणार नाहीये. कुतूहल म्हणून हवी असेल तर घ्या, कुतूहल वाईट नाही, पण मग ते कुतूहल आहे हे मान्य करून घ्या, "सावध राहिलेलं बरं" असं म्हणून नको.

आणि एक तिसराच प्रकार असतो जो लोकांच्या लक्षातच येत नाही: माहिती मिळाली की काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही, आणि ते केलेलंच अंगाशी येतं. दक्षिण कोरियात थायरॉइडची अल्ट्रासाउंड तपासणी हेल्थ चेकअपमधे सर्रास व्हायला लागली आणि १९९३ ते २०११ मधे थायरॉइड कॅन्सरचं निदान जवळजवळ पंधरा पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे सापडत होत्या त्यातल्या बऱ्याच गाठी अशा होत्या की त्या आयुष्यभर गप्प राहिल्या असत्या, पण एकदा सापडल्यावर "आहे तशी राहू दे" असं म्हणायचा धीर कोणाला होणार, बहुतेकांची ग्रंथी काढली गेली, मग आयुष्यभर गोळी, काहींच्या आवाजावर परिणाम. म्हणून दुसऱ्या रकान्यात अजून एक ओळ लिहा: "हे कळल्यावर मी शांत बसू शकेन का?" उत्तर नाही असेल आणि शांत बसणं हाच योग्य उपाय असेल, तर न विचारणं हे शहाणपणाचं आहे, भित्रेपणाचं नाही. कुठली तपासणी ह्या प्रकारात मोडते ते डॉक्टरांना सरळ विचारा, "यात काही निघालं तर तुम्ही काय करणार आणि त्याने माझं आयुष्य वाढतं का". हे वाक्य पाठ करून ठेवा.

मुदत शोधा

"हे मला कधीपर्यंत कळलं तर उपयोग आहे?" ह्याची तारीख काढा. परीक्षेचा निकाल, कर्जाचा हप्ता, मूल होऊ द्यायचा निर्णय, उपचार सुरू करायची वेळ, म्हातारे आईवडील अजून आहेत तोवर त्यांना विचारायच्या गोष्टी. ह्या शेवटच्या प्रकाराला मुदत आहे पण ती कॅलेंडरवर लिहिलेली नसते म्हणून तो कायम मागे पडतो, आणि तिथे मी म्हणेन की शंका असेल तर विचाराच. मुदत नसेल तर कागदावर पुढची तारीख टाका आणि सोडून द्या, त्या दिवशी परत बघा. "आत्ता नको" हे पूर्ण उत्तर आहे, लोकांना ते अर्धवट वाटतं.

तुमच्या न कळण्याची किंमत कोण भरतं

ही पायरी गाळू नका. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं करणं आणि स्वतःपुरतं न जाणून घेणं ह्यात फरक आहे. हाताखालच्या माणसाशी कसं वागलं जातंय हे बघायचं नाही म्हणून त्या मजल्यावर जायचंच नाही, व्यवहारात गडबड आहे असा वास आला म्हणून कागद वाचायचेच नाहीत, इथे तुम्ही निवांत झोपता आणि भोगतो दुसराच. बऱ्याच देशांच्या कायद्यातही मुद्दाम डोळे झाकणं हे माहीत असण्यासारखंच धरलं जातं. तेव्हा न कळण्याची किंमत दुसरा भरत असेल तर तो हक्क तुम्हाला नाही, जाऊन बघा.

उलट बाजूही आहे, तुम्ही जाणून घेतलंत की दुसऱ्याचंही उघडं पडू शकतं. ह्याचं सगळ्यात कठीण उदाहरण हंटिंग्टन डिसीजचं, आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण ह्या एका आजाराच्या आसपास काम करणाऱ्यांनी "जाणून घ्यायचं की नाही" ह्यावर जितका प्रामाणिक विचार केलाय तितका मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

हंटिंग्टनच्या टेस्टकडून उचलायची पद्धत

हा मेंदूचा आनुवंशिक आजार. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. लक्षणं बहुतेकदा तिशी ते पन्नाशीत सुरू होतात, हालचाली, स्वभाव, विचार सगळं हळूहळू हातातून जातं, आणि तो थांबवणारा इलाज नाही. जीन १९९३ मधे सापडला. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा परत परत येतो, तो ४० किंवा जास्त वेळा आला तर पुरेसं आयुष्य मिळालं की आजार येणारच. म्हणजे पंचविशीच्या धडधाकट माणसाला रक्त देऊन कळू शकतं की पुढे काय आहे, आणि कळून थांबवता काहीच येत नाही. ज्यांना ही रिस्क आहे त्यांच्यातले बहुसंख्य लोक टेस्ट करत नाहीत. ह्या शोधात आघाडीवर असलेल्या नॅन्सी वेक्सलर यांची आई ह्याच आजाराने गेली, आणि स्वतःला हा आजार असल्याचं वेक्सलर यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०२० मधे.

आता "दुसऱ्याचं उघडं पडतं" म्हणजे काय ते बघा. आजोबांना आजार होता, वडिलांनी टेस्ट न करायचं ठरवलंय, नातवाची रिस्क २५ टक्के. नातवाने टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली तर त्याच क्षणी वडिलांचंही उत्तर लागलं, त्यांनी न विचारता. म्हणून अशा वेळी आधी घरात बोला असा आग्रह धरला जातो.

आणि टेस्ट कशी करतात ते तर मला वाटतं आयुष्यातल्या कुठल्याही मोठ्या प्रश्नाला जसंच्या तसं लावावं. पहिल्या भेटीत सहसा रक्त घेतच नाहीत. काउन्सेलर विचारतो, आत्ताच का? काही घडलं का? रिझल्ट वाईट आला तर पहिल्या आठवड्यात कोण जवळ असेल? चांगला आला तर? (हे "चांगला आला तर" फार महत्त्वाचं, कारण भावाला आजार आहे आणि मला नाही हे कळल्यावर कोसळलेली माणसं आहेत, किंवा आपल्याला होणारच असं धरून ज्यांनी लग्न, शिक्षण सगळं सोडून दिलं त्यांच्यासमोर एकदम मोकळं आयुष्य येऊन उभं राहतं.) मग मधे मुद्दाम वेळ सोडतात. मग दुसरी भेट, मग रक्त. रिझल्ट सहसा फोनवर किंवा पत्राने देत नाहीत, समोर बसवून, सोबत आपलं माणूस आणा म्हणतात. आणि रक्त दिल्यावरसुद्धा, अगदी त्या खोलीत बसल्यावरसुद्धा, "नको, राहू दे" म्हणून उठता येतं. कोणी का विचारत नाही. लहान मुलांची, लक्षणं नसताना, टेस्ट करत नाहीत, कारण तो निर्णय मोठं झाल्यावर त्यांचा आहे.

हेच तुमच्या प्रश्नाला लावा. विचारायचा दिवस आणि उत्तर ऐकायचा दिवस वेगळा ठेवा. उत्तर एकट्याने, प्रवासात, रात्री झोपताना उघडू नका. कोण सोबत असेल ते आधी ठरवा आणि त्या माणसाला आधी सांगा. दोन्ही उत्तरांची तयारी करा. आणि दारातून परत फिरायची मुभा स्वतःला द्या.

मागच्या काळातल्या गोष्टींनाही हे लागू पडतं. पूर्व जर्मनीच्या श्टाझी ह्या गुप्त पोलिसांनी लोकांवर ठेवलेल्या फायली १९९२ पासून ज्याच्या त्याला बघायला मिळायला लागल्या, फायलींच्या रांगा शंभर किलोमीटरच्या वर. त्यात आपल्यावर कोण पाळत ठेवून होतं हे कळणार होतं, मित्र, शेजारी, सहकारी. वेरा वोलेनबर्गर ह्या कार्यकर्तीला कळलं की खबऱ्या तिचा नवराच होता. लाखो लोकांनी फायली मागवल्या, आणि बऱ्याच जणांनी ठरवून मागवल्या नाहीत. दोन्ही निर्णयांचा मला आदर वाटतो. तुमच्या समोर असं काही असेल, जुनी पत्रं, कोणाचा तरी फोन, एखादं घरातलं गुपित, तर दोन रकान्यांत एक सवाल वाढवा: नाव कळलं तर त्या माणसासमोर मी जाणार आहे का? जाणार असाल तर बघा. जाणार नसाल तर ते नाव फक्त तुमच्याकडे राहील, आणि रोज भेटणाऱ्या चेहऱ्यावर ते दिसत राहील.

मधला रस्ता: दुसऱ्या कोणाला तरी माहीत असू दे

हा सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय आहे आणि मला सगळ्यात आवडतो. औषधांच्या बऱ्याच चाचण्यांत खरं औषध कोणाला आणि खोटी गोळी कोणाला हे पेशंटलाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नसतं, कारण माहीत असलं की नजर बदलते, पण माहिती नष्ट केलेली नसते, वेगळी समिती मधे मधे आकडे तपासते आणि धोका दिसला तर चाचणी थांबवायला सांगते. म्हणजे कोणाला तरी कळलेलं असतं आणि गरज पडली तर तो तुम्हाला हाक मारणार असतो. घरातही हे जमतं. माझ्या मावशीने आजारपणात स्पष्ट सांगितलं होतं, "मला टक्के नको सांगूस, गोळी कधी घ्यायची आणि कशाला जपायचं तेवढं सांग." रिपोर्ट मी वाचायचे, डॉक्टरांशी मी बोलायचे, तिला फक्त करायच्या गोष्टी. डॉक्टरांनाही तिने स्वतः हे सांगितलेलं, म्हणून लपवाछपवी नव्हती. ह्यात दोन अटी आहेत: हे त्या माणसाने स्वतः म्हटलेलं असावं, बाकीच्यांनी परस्पर ठरवलेलं नको, आणि त्याने उद्या "आता सांग" म्हटलं तर त्याच दिवशी सांगायचं.

आपल्याला माहीत आहे असं वाटतं त्याचं काय

ह्याला थोडक्यात. काही जाणून घ्यायचं ठरवण्याआधी आत्ता काय माहीत आहे ते तपासा. एक कागद घ्या आणि कुठे न बघता सायकल काढा, फ्रेम, पेडल, चेन सगळं. रोज दिसणारी वस्तू, पण खूप जण चेन पुढच्या मागच्या दोन्ही चाकांना जोडतात, किंवा दोन्ही चाकांच्या मधोमध एक सरळ दांडा टाकतात, मग हँडल वळणार कसं. रोझेनब्लिट आणि कील ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मधे हेच दाखवलं, लोकांना झिप, कुलूप असल्या वस्तू कशा चालतात ते आपल्याला बऱ्यापैकी समजलंय असं वाटतं, नीट पायरी पायरीने समजावून सांगायला लावलं की ते स्वतःच स्वतःचे मार्क कमी करतात. तेव्हा ज्या विषयावर तुम्ही निर्णय घेणार आहात तो कोणाला तरी तीन मिनिटं समजावून सांगून बघा. अडलात तर अजून वाचायला हवं. अडला नाहीत तर पुरे, तिसऱ्या डॉक्टरचा व्हिडिओ आणि पंधरावा रिव्ह्यू बघून काही नवीन मिळणार नाहीये.

नको असं ठरलं तर

तर ते नीट निभवा. पहिलं, आजूबाजूची दारं बंद करा. वॉटसन यांच्या बाबतीत नुसता तो एक जीन झाकून भागलं नाही, शेजारच्या खुणांवरून त्याचा अंदाज बांधता येतो हे इतर संशोधकांनी लक्षात आणून दिलं आणि मग भोवतालचा बराच भाग काढावा लागला. तुमचंही तसंच होईल, रिपोर्ट बघायचा नाही पण ॲपचं नोटिफिकेशन चालू आहे, निकाल ऐकायचा नाही पण ग्रुपवर आहात. बंद करा, बाहेर पडा, जवळच्यांना सांगून ठेवा.

दुसरं, स्वतःला पळपुटं म्हणू नका. २०१७ मधे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गिगेरेन्झर आणि गार्सिया-रेटामेरो ह्या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनी आणि स्पेनमधल्या दोन हजारांहून जास्त मोठ्या माणसांना विचारलं होतं, जोडीदाराचा मृत्यू कधी होईल, कशाने होईल अशा गोष्टी आधी कळाव्यात का. वाईट गोष्टींबद्दल ८५ ते ९० टक्के लोक नको म्हणाले, चांगल्या गोष्टींबद्दलही ४० ते ७० टक्के नको म्हणाले, आणि प्रत्येक प्रश्नाला "हो, सांगा" म्हणणारे साधारण १ टक्का निघाले. जीनबाबतीत तर हा हक्क कागदावर आहे, युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्यात लिहिलंय की जनुकीय तपासणीचा निकाल कळवून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा प्रत्येकाचा अधिकार मानला जावा.

तिसरं, लोक विचारत राहतील. "अगं पण बघून तर घे", "मी तुझ्या जागी असते तर". त्यांच्याशी वाद घालू नका, तुमचे दोन रकाने त्यांना दाखवायची गरज नाही. "मी विचार करून आत्ता नको असं ठरवलंय, अमुक महिन्यात परत बघणार आहे, तोवर तुम्हाला कळलं तरी मला सांगू नका." शेवटचा तुकडा विसरू नका, कारण ज्याला कळतं त्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि जोडीदाराला हे वाक्य बाकी सगळ्यांच्या आधी सांगा, त्याला किंवा तिला ती गोष्ट कळून घ्यायची असेल तर ती तुमच्यापासून कशी लांब ठेवायची ते दोघांनी मिळून आधीच ठरवा, कुठल्या खोलीत बोलायचं आणि कागद कुठे ठेवायचे इथपर्यंत.